खाडीचं देणं

लोटे परशुरामच्या एमआयडीसीत सांडपाण्याच्या प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी गेली. पदवी विद्यापीठाने दिली, पगार कारखान्याने दिला. पण पाण्याकडे कसं बघायचं हे ज्यांनी मला शिकवलं, त्यातले एक जण सातवी शिकलेले होते आणि दुसरीला सही करता येत नव्हती. आज कुठे व्याख्यानाला गेले की लोक मला टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांची जाणकार म्हणतात. ती जाणकारी कुणाकडून आली, हे लिहून ठेवलं नाही तर मी कृतघ्न ठरेन.

आधी गाव सांगते, कारण या सगळ्याच्या मुळाशी भूगोल आहे. खेड आणि चिपळूणच्या मध्ये, परशुराम घाटाच्या माथ्याशी, जांभ्याच्या सड्यावर ही वसाहत वसली. सड्यावरचं पाणी दोन वाटांनी खाली येतं. काही पऱ्यांमधून वाहत येतं, काही जांभ्याच्या भोकांतून मुरून पायथ्याच्या विहिरींना लागतं. खाली वाशिष्ठी आहे. कोयनेचं पाणी पोफळीच्या वीजघरातून उतरून तिलाच मिळतं, म्हणून भर उन्हाळ्यातही ती आटत नाही. चिपळूण सोडल्यावर ती रुंदावते, खारी होते आणि दाभोळला समुद्राला भेटते. वसाहतीच्या सामायिक प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणारं पाणी नळाने करंबवण्याला याच खाडीत सोडलं जातं. वर रसायनं आणि खाली भोयांची गावं, अशी ही मांडणी आहे.

त्या गावांतली एक भोईण माझ्या लहानपणी आमच्या दारावर मासे घेऊन यायची. आम्ही तिला मावशी म्हणायचो. तिच्या पाटीत बोय असायची, तांबोशी असायची, उधाणाच्या दिवसांत कोळंबी आणि खेकडे, ओहोटीला खणून काढलेले मुळे, म्हणजे शिंपले. वडील आजारपणामुळे घरी बसले त्या वर्षी आईने तिला सांगून टाकलं, की आता मासळी नको, पैसे नाहीत. मावशीने ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी आली. "दे गो मागनं," एवढंच म्हणाली. ते "मागनं" बरंच लांबलं. तिने कधी हिशेब काढला नाही आणि आईला काढू दिला नाही. मी चिपळूणच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, ते ज्या जेवणावर झाले त्यातला बराच घास खाडीतून उधार आलेला होता.

पुढे नोकरी लागली ती त्या खाडीच्या माथ्यावरच्या कारखान्यात. कीटकनाशकांना लागणारी मधली रसायनं तिथे बनायची. माझं काम ठरलेलं. इटीपीच्या, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या, टाक्यांचे नमुने घ्यायचे, सामू बघायचा, सीओडी आणि बीओडी काढायचा, रजिस्टर भरायचं. सीओडी म्हणजे पाण्यातलं सेंद्रिय द्रव्य रसायनाने जाळायला किती प्राणवायू लागतो ते. पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र गंधकाम्लात नमुना दोन तास उकळायचा, गार करायचा, फेरॉइनचे थेंब टाकायचे आणि ब्युरेट सोडायचं. हिरवट निळा रंग एका थेंबाला लालसर तपकिरी झाला की आकडा हाती येतो. बीओडी म्हणजे तेच द्रव्य जिवाणूंना खायला किती प्राणवायू लागतो ते. आपल्याकडे ही चाचणी 27 अंशांवर 3 दिवस चालते. दोन्ही आकडे शेजारी मांडले की पाण्याचा स्वभाव कळतो. बीओडी सीओडीच्या निम्म्याच्या आसपास असेल तर जिवाणू ते पाणी पचवतात. तो दहाव्या हिश्शाच्याही खाली गेला, तर त्यात असं काही आहे ज्याला जिवाणू तोंड लावत नाहीत.

हे मी पुस्तकात वाचलं होतं. कारखान्यात ते दाखवलं तात्यांनी.

तात्या इटीपीचे ऑपरेटर. खेडजवळच्या एका वाडीतले. खाकी शर्ट, पायात गमबूट, खिशात खडू. कारखान्यात पाणी कुठून निघतं आणि कुठल्या गटाराने येतं, याचा नकाशा कागदावर होता त्यापेक्षा त्यांच्या डोक्यात पक्का होता. कुठल्या प्लँटची कुठली बॅच कधी संपते, मदर लिकर (माल काढून घेतल्यावर उरलेलं द्रावण) कधी सुटतं, वॉशिंगचं पाणी कधी येतं, हे ते शिफ्ट सुरू होताच विचारून घ्यायचे. समान करण्याच्या टाकीत सगळे प्रवाह एकत्र यायचे आणि मी नमुना तिथून घ्यायचे. तात्यांनी मला तिथून उठवलं आणि थेट प्लँटच्या गटाराशी नेलं. "बाय, हितं बघ. तितं बघून काय कळनार? तितं सगळ्यांचा काला झालेला असतो."

त्यांच्या सांगण्यावरून मी प्रत्येक प्रवाहाचा नमुना वेगळा काढला. बहुतेक पाणी साधं निघालं. फरशा धुतलेलं, कूलिंग टॉवरचं, बाष्पकाचं. खरा त्रास एका बारक्या प्रवाहात होता. क्लोरीन जोडलेली बेंझिनची वलयं त्यात होती. सगळ्या पाण्याच्या मानाने तो प्रवाह थोडासाच, पण त्याचा सीओडी काही हजारांत आणि बीओडी जवळपास शून्य. एकदा तो बाकीच्या पाण्यात गेला की पुढच्या कुठल्याही टाकीत त्याला वेगळं ओळखता येत नसे. पुढे आयुष्यभर मी जे काम केलं त्याचा पाया हाच आहे: टिकाऊ प्रदूषक मिसळण्याआधी धरायचा. मिसळल्यावर तो नाहीसा झाल्यासारखा भासतो आणि धरण्याचा खर्च अनेक पटींनी वाढतो.

असाच एक दिवस मला विसरता येत नाही. तपासणी जवळ आली होती आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याचा आकडा मर्यादेत बसत नव्हता. वरून निरोप आला, की बोअरचं पाणी टाकीत सोडा आणि आकडा खाली आणा. व्हॉल्व्ह तात्यांच्या हाताखाली होता. ते हलले नाहीत. मला म्हणाले, "बाय, मिलिग्रॅम ऱ्हाऊं दे. किलो किती ता सांग." मी सांगितलं. 10 घनमीटर पाण्यात लिटरला 8000 मिलिग्रॅम, म्हणजे 80 किलो. त्यात 90 घनमीटर साधं पाणी घातलं तर लिटरला 800. तात्यांनी खडूने टाकीच्या भिंतीवर दोन ओळी लिहिल्या आणि दोन्हींच्या शेवटी 80 लिहिलं. खारट झालेल्या आमटीत पाणी ओतलं तरी पातेल्यातलं मीठ तेवढंच राहतं, तसा हा हिशेब. साहेबांना त्यांनी तीच भिंत दाखवली. व्हॉल्व्ह उघडला नाही. पाणी थांबवून ठेवलं, उत्पादन दोन पाळ्या अडलं आणि तात्यांची त्या वर्षीची बढतीही अडली. त्याबद्दल त्यांनी माझ्याजवळ एकदाही तक्रार केली नाही.

तात्यांचा तो प्रश्न किती खोल होता, हे टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांचा अभ्यास करताना मला कळत गेलं. 2001 साली स्टॉकहोमला जगातले देश एका करारावर आले. आधी बारा रसायनं त्यात होती: डीडीटी, आल्ड्रिन, एन्ड्रिन, हेक्झाक्लोरोबेंझिन, पीसीबी, डायॉक्सिन आणि त्यांचे सोबती. करार 2004 मध्ये लागू झाला, भारताने 2006 मध्ये तो मान्य केला आणि नंतर यादी वाढत गेली. 2011 मध्ये एंडोसल्फान आलं, 2019 मध्ये पीएफओए हे फ्लोरिनयुक्त रसायन. या सगळ्यांची लक्षणं सारखीच. निसर्गात ती सहजी मोडत नाहीत, हवेने आणि पाण्याने दूरवर जातात, आणि जिवांच्या शरीरात साठतात. चिखलातून किड्यात, किड्यातून कोळंबीत, कोळंबीतून तांबोशीत, तांबोशीतून माणसात, अशी प्रत्येक पायरीला त्यांची मात्रा चढते. मोडणाऱ्या घाणीला पातळ केलं तर नदी बाकीचं काम करते. न मोडणाऱ्या घाणीला पातळ करणं म्हणजे तिला फक्त पत्ता बदलून देणं. तिथे मिलिग्रॅमचा आकडा फसवतो आणि किलोंचा हिशेब खरं बोलतो.

त्या बारक्या प्रवाहासाठी आम्ही फेंटनची प्रक्रिया बसवली. हेन्री फेंटन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने 1894 मध्ये तिची नोंद केली. हिराकस आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की हायड्रॉक्सिल मूलकं तयार होतात. पाण्यात वापरता येणाऱ्या ऑक्सिडीकारकांमध्ये त्यांच्याहून जोरकस फारच थोडे. ओझोनपेक्षाही ती आक्रमक असतात आणि सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशापुरतीच जगतात. तेवढ्यात समोर येईल त्या सेंद्रिय रेणूवर ती तुटून पडतात.

पुस्तकात हे एका ओळीत उरकतं. टाकीशी तात्यांनी ते हाताने शिकवलं. आधी गंधकाम्ल सोडून सामू 3 च्या आसपास आणायचा. मग फिकट हिरव्या खड्यांचा हिराकस विरघळवून घालायचा. पेरॉक्साइडला घाई चालत नाही. एकदम ओतलं तर टाकी तापते, फेस काठाबाहेर येतो. तात्या नळी बारीक धारेवर ठेवून एक तळवा टाकीच्या बाहेरच्या अंगाला लावून उभे राहायचे. तापमापी होतीच, पण हात आधी सांगतो असं त्यांचं म्हणणं. पाणी आधी पिवळसर असायचं. थोड्या वेळात ते काळपट तपकिरी व्हायचं, इतकं की नवखा घाबरून बॅच बंद करेल. ते क्विनोनसारख्या मधल्या पदार्थांचे रंग असतात. वलय मोडायला लागलंय पण मोडून झालेलं नाही. इथे थांबलं तर मूळ द्रव्यापेक्षा जास्त विषारी पाणी हाती येऊ शकतं. नेट धरला की रंग परत उतरतो, पाणी फिक्या मधासारखं होतं. मग चुन्याची निवळी घालायची, सामू वर घ्यायचा. लोखंडाचा विटकरी गाळ रात्रभरात तळाला बसतो. सकाळी आयोडाइडच्या पट्टीने पेरॉक्साइड उरलंय का ते बघायचं, कारण उरलेलं पेरॉक्साइड सीओडीचा आकडा खोटा फुगवतं आणि पुढच्या टाकीतले जिवाणूही मारतं. इतकं झाल्यावर बीओडीचा हिस्सा वाढलेला दिसायचा. जे पाणी जिवाणू नाकारत होते तेच पाणी एरेशन टँकमध्ये ते पचवायला लागायचे.

विज्ञानाचं माझं दुसरं मोठं देणं माटुंग्याला आहे. तिथल्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, जिला आम्ही जुन्या सवयीने यूडीसीटी म्हणतो, अनिरुद्ध पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्यातल्या बुडबुड्यांवर अनेक वर्षं काम केलं. पाणी अरुंद भोकातून जोराने सोडलं की दाब घटून बारीक पोकळ बुडबुडे तयार होतात आणि पुढे दाब वाढताच ते फुटतात. फुटताना त्या सूक्ष्म जागी क्षणभर हजारो अंशांचं तापमान होतं आणि रेणू मोडतात. पराग गोगटे आणि पंडित यांनी 2004 मध्ये सांडपाण्याच्या अशा तंत्रांचा दोन भागांत आढावा प्रसिद्ध केला. कुठलं तंत्र कुठे चालतं, कुठे एकटं पुरत नाही आणि कशाची कशाशी जोडी लावावी, हे त्यात नीट मांडलं होतं. जगभर तो वाचला गेला. माझ्यासारख्या कारखान्यातल्या बाईला त्याने धीर दिला, की आपण टाकीशी जे बघतोय त्याचं शास्त्र आपल्याच मातीतली माणसं लिहिताहेत. शब्दकोश शेजारी घेऊन मी तो वाचला आणि पानापानावर तात्यांचं म्हणणं सापडत गेलं: प्रवाह वेगळे ठेवा, आधी जड पाणी हाताळा, जिवाणूंना त्यांच्या कुवतीचं द्या.

फेंटनला दाद न देणारं जे उरायचं त्यासाठी नारळाच्या करवंटीचा सक्रिय कोळसा होता. त्याच्या एका ग्रॅमच्या छिद्रांत हजार चौरस मीटरच्या आसपास पृष्ठफळ असतं, आणि क्लोरीनवाली वलयं त्याला घट्ट चिकटतात. स्तंभातून पाणी नितळ उतरलं तेव्हा मला आनंद झाला. तात्या त्या आनंदात सामील झाले, पण लगेच विचारलं, "नि कोळसा भरल्याव जानार कुटं?" म्हणजे तोच किलोंचा प्रश्न. पाण्यातले किलो कोळशात गेले. नष्ट झालेले नाहीत. भरलेला कोळसा उघड्यावर टाकला आणि आमचा चार महिन्यांचा कोकणी पाऊस त्यावर पडला, तर सगळं परत पऱ्यात. त्या कोळशाची गोणी न् गोणी वजन करून, चिठ्ठी लावून, छपराखाली ठेवून तळोज्याच्या भट्टीला पाठवायची शिस्त तात्यांनी लावली. वर्षाकाठी किती गेलं याचा तक्ता त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहून ठेवला आणि निवृत्त होताना माझ्या हाती दिला. मी तो पुढे चालू ठेवला.

मधल्या काळात खाडी बदलत गेली. पहिल्या पावसात मासे मरून वर येतात, ही तक्रार काठची गावं वर्षानुवर्षं करत आली आहेत. माधव गाडगीळांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने 2011 च्या अहवालात लोट्याच्या प्रदूषणाची दखल घेतली. गाडगीळ नंतरही जो हिशेब मांडत राहिले तो असा, की वसाहतीने सुमारे 11 हजार माणसांना काम दिलं आणि खाडीतली मासळी गेल्याने सुमारे 20 हजारांचं काम गेलं. मी त्या 11 हजारांतली आणि मावशीचं घर त्या 20 हजारांतलं.

मावशी म्हातारपणी एकदा आमच्याकडे आली. पाटी नव्हती. मुलगा मुंबईला कामाला गेला होता, होडी उपडी घातली होती. मी तिला उत्साहाने सांगितलं, की आमचं पाणी आता मर्यादेत आहे, सीओडी 250 च्या खाली उतरतो, पास होतं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "पास झाला म्हंजी बोय परत येल काय गो?" तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिला उत्तर देता यावं म्हणून मी पुढची वर्षं वाचत राहिले, आणि जे कळलं ते असं: सीओडीची मर्यादा खाडीला प्राणवायू पुरावा यासाठी आहे. माशाच्या चरबीत आणि यकृतात काय साठतं याबद्दल ती काही सांगत नाही. त्यासाठी वेगळं मोजावं लागतं. गाळात, मुळ्यांत, खेकड्यांत, आणि एकेक रसायन नावाने.

आज हा प्रश्न लोट्यात नव्याने उभा आहे. इटलीत व्हिचेन्झाजवळ त्रिस्सिनो गावी मिटेनी नावाचा कारखाना फ्लोरिनयुक्त रसायनं बनवत असे. त्याच्या सांडपाण्याने त्या प्रदेशातलं भूजल बिघडलं, लाखो लोकांच्या पिण्याच्या पाण्यात आणि रक्तात ती रसायनं सापडली, मुलांच्या आया रस्त्यावर उतरल्या. 2018 मध्ये कारखान्याने दिवाळं काढलं. 2025 च्या जूनमध्ये व्हिचेन्झाच्या न्यायालयाने त्याच्याशी संबंधित 11 अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं. त्या कारखान्याची यंत्रसामग्री लिलावातून भारतात आली, आणि ती आली लोटे परशुरामलाच.

यंत्राला दोष चिकटलेला नसतो. ते कसं चालवलं जातं त्यावर सगळं आहे. पण रसायनाचा स्वभाव माणसाच्या भरवशावर बदलत नाही. कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध सेंद्रिय रसायनातल्या सर्वांत मजबूत बंधांपैकी आहे. आमच्या टाकीतली हायड्रॉक्सिल मूलकं तो तोडू शकत नाहीत, जिवाणूंनाही तो सहसा तोडता येत नाही. कोळसा किंवा रेझिन ही रसायनं धरून ठेवतात, पडद्यांचं गाळण त्यांना थोड्या पाण्यात गोळा करतं. मोडायला मात्र प्रखर भट्टी, हिऱ्याच्या लेपाचे विद्युतअग्र किंवा 374 अंशांच्या वर, प्रचंड दाबाखालचं पाणी लागतं. मर्यादाही निराळ्या. अमेरिकेने 2024 मध्ये पिण्याच्या पाण्यात पीएफओएला लिटरमागे 4 नॅनोग्रॅम एवढीच मुभा दिली. नॅनोग्रॅम हा मिलिग्रॅमचा दहा लाखावा भाग. आमच्या जुन्या रजिस्टरातल्या रकान्यांत हा आकडा दिसणारच नाही. तो बघायचा तर उपकरणं वेगळी लागतील, आणि त्याआधी बघण्याची इच्छा लागेल.

माझं म्हणणं साधं आहे आणि ते मी ग्रामसभेत, महाविद्यालयात, अधिकाऱ्यांसमोर, मिळेल तिथे मांडते. टिकाऊ रसायन बनवणाऱ्या किंवा वापरणाऱ्या प्रत्येक कारखान्याने वर्षाला किती किलो आलं, किती मालात गेलं, किती कोळशात आणि गाळात अडकलं, किती भट्टीत मोडलं आणि किती पाण्यात सुटलं, याचा ताळेबंद जाहीर करावा. पैशांचा ताळेबंद भागधारकांना देतात, तसा हा खाडीकाठच्या ग्रामपंचायतींना द्यावा, मराठीत द्यावा. खाडीचा गाळ आणि मासळी यांची तपासणी कारखान्यांपासून स्वतंत्र असलेल्या प्रयोगशाळेत, ठरलेल्या वेळी, दर वर्षी व्हावी. शिरगावला आपलं मत्स्य महाविद्यालय आहे, माटुंग्याला जाणकार आहेत, नागपूरला नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे. अभाव आहे तो कुणीतरी किलो विचारण्याचा.

तात्या आणि मावशी दोघंही आता नाहीत. त्या दोघांची कधी भेट झाली नाही. एकाने घाण माथ्यावर अडवली, दुसरीने तिचं मोल पायथ्याशी मोजलं. मावशीची उधारी पैशांत फेडायला गेले असते तर तिने हात मागे घेतला असता. म्हणून मी चिपळूणच्या मुलामुलींना शिकवते. त्यांना ब्युरेट धरायला शिकवते, बीओडी आणि सीओडीचं गुणोत्तर काढायला लावते आणि गटाराच्या तोंडाशी उभं करते. त्यातली काही आता लोट्यात, काही महाडला, काही तारापूरला इटीपी सांभाळतात. रात्रपाळीत कुणी बोअरच्या पाण्याचा व्हॉल्व्ह उघडायला सांगितलं तर काय उत्तर द्यायचं, आणि त्या उत्तराची किंमत पडली तर ती सोसायची, हे शिकल्याशिवाय माझ्या हाताखालून मी कुणाला सोडत नाही.